द्रौपदीबायचा अबोला

१८ नोव्हेंबर

सासू बोलत नाही, या तक्रारीला कोणाकडूनच सहानुभूती मिळत नाही. मम्मीला फोन केला तर ती हसायलाच लागली. "नशीबवान आसस गो! माजी सासू झोपेत सुद्धा बोलायची." नितेश म्हणतो, "थकली असेल यार. तू पण ना." नवराच असं म्हणतो तर दुसऱ्या कोणाला काय सांगणार? म्हणून ही वही काढली. कॉल सेंटरला असताना दिवाळीत मिळाली होती, कोरीच पडून होती.

माझी सासू म्हणजे गोराईची द्रौपदीबाय. बोरिवलीच्या मासळी बाजारात त्यांचा ओटा पार आतल्या कोपऱ्यात आहे, पण आवाज बाहेरच्या रिक्षावाल्यांपर्यंत जातो. पुढे निघून गेलेलं गिऱ्हाईक त्या नुसत्या आवाजावर परत आणतात. लग्न करून कांदिवलीहून या घरात आले तेव्हा मला वाटायचं, ही बाई सारखी भांडतेय. मग कळलं की हे त्यांचं साधं बोलणं. भांडायला लागल्या की शेजारचे कामं सोडून ऐकायला येतात.

अशी बाई आठवडाभर गप्प आहे. आणि कधीपासून? मी नोकरी सोडून 'घरपोच म्हावरं' सुरू केलं तेव्हापासून. बोरिवलीतल्या सोसायट्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केलाय. सकाळी फोटो टाकायचे, ऑर्डर घ्यायच्या, दुपारच्या आत मासळी साफ करून पोचवायची. हे सगळं आईंना विचारून केलं होतं. त्याच म्हणाल्या होत्या, "कर. पन म्हावरा मीच निवडनार." आणि आता काही विचारलं की फक्त मान हलते. मी काय कुक्कुलं बाळ आहे, अर्थ न कळायला?

२१ नोव्हेंबर

सकाळी बंदरावरून मासळी घेऊन आम्ही दोघी फेरीबोटीने बोरिवलीला येतो. आई नेहमी बोटीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, पदर खोचून, वारा खात. हल्ली इंजिनाच्या मागे कोपऱ्यात बसतात. पदर तोंडाभोवती घट्ट लपेटलेला आणि पाठ माझ्याकडे. सगळी बोट बघत असते.

मासळी निवडताना पूर्वी आख्ख्या बंदराला ऐकू जाईल असं शिकवायच्या. "दिप्ते, कल्ला उघर! लाल हाय का? मंग घे!" आता नुसतं बोट दाखवतात. तेव्हा त्या ओरडण्याची लाज वाटायची. आज एक बाई आपल्या सुनेवर ओरडत होती आणि मला चक्क तिच्या सुनेचा हेवा वाटला. काय वेळ आलीय!

२७ नोव्हेंबर

आज हद्द झाली. मुद्दाम तिसऱ्यांचं सुकं केलं, त्यांच्या पद्धतीने, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. आईंनी ताटाकडे बघितलं, भाकरीचा तुकडा मोडला, तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. मग उठून स्वतः पेज करून घेतली आणि भांड्यानेच प्यायल्या. म्हणजे माझ्या हातचं आता गिळवतसुद्धा नाही.

जेवताना पंखा लावला तर तिथूनही उठल्या आणि बाहेर ओटीवर जाऊन बसल्या. ठीक आहे. मीसुद्धा बोलणार नाही. बघू कोण आधी थकतं.

४ डिसेंबर

मी थकले. सारखं घर झाडतेय, डबे पुसतेय, फोन उघडून बंद करतेय. एका जागी बसवतच नाही. अबोला धरायलाही अंगात ताकद लागते, आणि ती त्यांच्याकडे जास्त आहे.

आईंनी उजव्या कानातलं काढून ठेवलंय. एकाच कानातलं. हे सोनं त्या अंघोळीलाही काढत नाहीत. फिरकी पडली असेल, पण मला शोधायला सांगायचं म्हणजे बोलावं लागणार ना! केसही अर्धवटच विंचरलेले असतात. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना विचारलं, "आईंचं काय बिनसलंय?" ते जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "तिजा तिना ठाव." काशीराम कोळी आपल्या बायकोच्या भानगडीत पडत नाही. म्हणूनच आजवर सुखी आहे.

९ डिसेंबर

ऑर्डरी वाढल्यात, मार्गशीर्ष असूनही. आज एका नवीन बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "बाजारातल्या मावशींकडे तुमचा नंबर मिळाला. पुठ्ठ्यावर लिहून लावलाय त्यांनी. भाव विचारला की पुठ्ठाच दाखवतात."

डिलिव्हरी संपवून बाजारात जाऊन बघून आले. खरंच, ओट्यावर पुठ्ठा, त्यावर माझा नंबर. हा टोमणा नाही तर काय? घ्या, हिच्याकडूनच घ्या, मी कशाला बसलेय इथे? शेजारच्या मावश्या माझ्याकडे बघून गालात हसत होत्या. मी आईंकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी तोंड फिरवलं.

१५ डिसेंबर

काल सुशांतची हळद होती. सुशांत म्हणजे नितेशचा चुलत भाऊ. आमच्याकडे कोळ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. बेंजो, नाच, आख्खा गाव मांडवात. नवऱ्याला लावून झाली की बायका एकमेकींना हळद फासतात.

मी ठरवूनच गेले होते. नमतं घ्यायचं. सगळ्यांच्या देखत आईंना हळद लावायची, पाया पडायचं, विषय संपवायचा. दोन्ही हातांना हळद घेऊन गेले, हसले, म्हटलं, "आई, पहिली हळद तुम्हाला." आणि उजव्या गालाला बोटं लावली.

त्यांनी माझा हात फटकन उडवला. एवढ्या जोरात की बांगडी फुटली. तोंडातून कसलासा आवाज काढला आणि मला ढकलून मांडवाबाहेर निघून गेल्या. बेंजोवाला वाजवायचा थांबला. सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत, आणि मी तशीच उभी, हात पिवळे. नाचायला आलेल्या पोरींनी मला बाजूला नेलं. मी रडले नाही. घरी येऊन रडले.

१७ डिसेंबर

नितेशला सांगितलं, मी या घरात राहणार नाही, कांदिवलीत रूम घेऊ. तो अंधेरीला एअर कार्गोला आहे, त्यालाही कांदिवली सोयीचं. त्याने मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, "आईला बरं नाहीये गं. दाताचं काहीतरी आहे. परवा तिने दोन दाढा काढून घेतल्या."

"कोणाबरोबर गेल्या?"

"एकटीच."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"मलापण कुठे सांगितलं? पदराला रक्त दिसलं म्हणून विचारलं."

बघा. दाढा काढून आल्या, पण सुनेला कळता कामा नये. शेजारणीला कळलं असेल. दाढ दुखत होती तर बोलायचं होतं. आणि आता काढली ना? तरी गप्पच आहेत. म्हणजे दाढेचा आणि माझ्याशी न बोलण्याचा काही संबंध नाही.

२३ डिसेंबर

कांदिवलीत रूम बघितली. दलाल चंद्रप्रकाश म्हणून आहे, मम्मीच्या ओळखीचा. तिसरा मजला, स्वच्छ, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात. मम्मी म्हणाली, "बरी आसा. पण तिका एकदा तोंडार इचार गो. अशी न इचारता जाव नको." मी म्हटलं, विचारून काय? उत्तर कोण देणार?

रूममध्ये उभी राहिले तर इतकी शांतता होती की मला बसवेना. नवीन वर्षात जायचं ठरवलं. चंद्रप्रकाशला होकार कळवते म्हणाले. अजून कळवला नाही.

२९ डिसेंबर

काय लिहू?

सकाळी मी कपाटातल्या साड्या काढत होते. आई दारात येऊन उभ्या राहिल्या. बॅग बघितली. माझा तोल गेला. म्हटलं, "हो, चाललो आम्ही. तुम्हाला माझं तोंड बघायचं नाही ना? माझ्या हातचं खायचं नाही, माझा हात लागायला नको. काय केलं मी? धंदा केला, तोही तुम्हाला विचारून! भांडा ना माझ्याशी! शिव्या द्या! पण असं भिंतीबरोबर राहिल्यासारखं मला नाही जमत!"

आईंनी तोंड उघडलं. "दिप्ते…" एवढंच. आणि तिथेच थांबल्या. तोंड उघडंच राहिलं. उजवा डोळा गच्च मिटला, त्यातून घळाघळा पाणी. हात गालाकडे गेला, पण गालाला लागला नाही, मध्येच थांबला. जणू गालावर निखारा आहे. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती पुसायचीही हिंमत नव्हती त्यांची. मग गेलं, जसं आलं तसं. त्या खाली बसल्या आणि घाबरलेल्या नजरेने माझ्याकडे बघत राहिल्या, पुन्हा येईल म्हणून.

बोटीतला वारा. पंखा. भाकरी चावणं. कानातलं. हळद. सगळं माझ्या डोळ्यांपुढून सरकलं आणि मला स्वतःला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. राग नव्हता तो. दुखत होतं. बोलायलाच दुखत होतं. आणि मी त्याच गालावर हळद चोळायला गेले होते.

बॅग तशीच उघडी आहे. नितेशला बोलावून घेतलंय.

३१ डिसेंबर

आमच्या डॉक्टरांनी ऐकलं आणि लगेच मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. नाव मी घोकून पाठ केलंय. दाताचं वाटतं, दात नसतो. डॉक्टर म्हणाले, "दाढा चांगल्या असणार हो. पुष्कळ जण आधी दात काढून येतात." आईंनी जिभेने आतल्या आत त्या रिकाम्या जागा चाचपल्या. मला फार वाईट वाटलं.

गोळ्या दिल्यात. कांदिवलीचा विषय मी काढला नाही, नितेशनेही काढला नाही.

६ जानेवारी

गोळ्यांनी उतार आहे. आई आज बोलल्या! अगदी हळू, दातावर दात ठेवून. शेजारी बसले तेव्हा सांगितलं, "मना वाटला वारा गेला अंगावरना. माजे आयशीचा तसाच झालता, तोंड वाकरा. कोली बाईचा तोंड गेला त राला काय? म्हनून कोनाला बोललू नाय."

"आणि तो पुठ्ठा?"

"वरडता येयना. गिऱ्हाईक जाईल दुसरीकडं. म्हटला, तुज्याकडं जाव दे."

मी उठून पेज केली. नंतर मनात आलं, हे सगळं आधी खुणेने तरी सांगायचं! मग आठवलं, त्यांनी बघितलं की मी तोंड फिरवत होते.

१६ जानेवारी

डोस वाढवला आणि आईंना गरगरायला लागलं. आज जेट्टीच्या उतारावर पडल्या. पाटी पाण्यात गेली. गुडघा फुटला, नशीब तेवढ्यावर निभावलं. रक्त तपासलं तर सोडियम उतरलंय, गोळ्यांमुळे. डोस कमी केला की कळ परत येते. आता पाणी पितानाही येते. वजन उतरलंय, चोळी सैल झालीय. बाजारातला ओटा रिकामा आहे.

मला एका जागी बसवत नाही. फोन, रिपोर्ट, फोन, रिपोर्ट.

२२ जानेवारी

एमआरआय घेऊन सर्जनकडे गेलो. डॉ. नेत्रा. वयाने माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात, त्यामुळे बाबा आधी त्यांना नर्सच समजले. त्यांनी स्क्रीनवर दाखवलं. मेंदूतून चेहऱ्याकडे येणारी नस आणि तिच्यावर टेकलेली एक रक्तवाहिनी. ठोका पडला की आपटते. रोज आपटून नसेवरचं वेष्टण झिजलंय.

"कानामागे एक छोटी खिडकी करायची," त्या म्हणाल्या. "नस कापायची नाही, रक्तवाहिनीही कापायची नाही. दोघींना जरा वेगळं करायचं आणि मध्ये टेफ्लॉनचा बारीक तुकडा ठेवायचा. नसेवरचा दाब गेला पाहिजे. डिकम्प्रेशन म्हणतात ते यालाच."

"टेफ्लॉन म्हणजे नॉनस्टिक तव्याचं?" मी विचारलं. लग्नात आणलेला माझा नॉनस्टिक तवा आईंनी माळ्यावर टाकून दिला होता. डॉक्टर हसल्या. आईंनी माझ्याकडे असं बघितलं की नितेशला हसू लपवायला तोंड फिरवावं लागलं.

बाबा स्क्रीनजवळ जाऊन बघून आले. मग म्हणाले, "बोटीचा दोर दगराला घासतो, तवा आमी मंधी टायरचा तुकरा बांधतो. तसा?"

"अगदी तसंच."

"पन ह्यो दोर नाय, डोका हाय."

डॉक्टरांनी धोके लपवले नाहीत. त्या कानाने कमी ऐकू येऊ शकतं, गाल बधिर पडू शकतो, क्वचित त्याहून वाईट. आणि सगळं नीट झालं तरी कळ जाईलच अशी शंभर टक्के खात्री नाही. बाबा उठलेच. "डोक्याला हात नाय लावाचा. गोल्या खाईल." नितेश माझ्याकडे बघायला लागला, मी जमिनीकडे. मी म्हणणार, करा, आणि काही झालं तर? सून म्हणाली म्हणून केलं, हेच आयुष्यभर ऐकायचं. खरं सांगायचं तर मी तेव्हा त्यांच्यापेक्षा माझाच विचार करत होते.

आईंनी बाबांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. डोळे मिटले, तयारी केली आणि एका दमात बोलल्या, "मना वरडाचा हाय."

लगेच कळ आली. आम्ही सगळे थांबलो. ती गेल्यावर त्यांनी डॉक्टरांकडे बघून मान हलवली.

५ फेब्रुवारी

ऑपरेशन चालू आहे. हॉस्पिटलच्या बाहेर बसून लिहितेय. बाबा येरझाऱ्या घालतायत. नितेशने चहा आणला, कोणी प्यायला नाही. आत नेताना आईंनी डाव्या कानातलं काढून माझ्या हातात ठेवलं आणि मूठ मिटवली. मूठ उघडायची भीती वाटतेय. आख्खा दिवस देवाला एकच सांगतेय, त्यांना हवं तेवढं मला बोलू दे, मी उलट उत्तर देणार नाही. हे खोटं आहे, देवालाही माहीत असणार.

पुढचं नंतर लिहिलं: डॉ. नेत्रा बाहेर आल्या. सगळं नीट झालंय. नस मोकळी झाली.

७ फेब्रुवारी

नीट झालंय तर मग आई बोलत का नाहीत?

काल शुद्धीवर आल्या. ऐकू येतंय, हात-पाय हलतात. डॉक्टरांनी कापसाने गालावर फिरवलं, विचारलं, "कळ?" नाही अशी मान. "मग बोला ना मावशी." आईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. आज सकाळी पुन्हा तेच. द्रव चमच्याने घेतात, चावायचं नाव नाही. डॉक्टर म्हणतात, भीती आहे, वेळ द्या.

मला मात्र जुनीच शंका पुन्हा यायला लागलीय. बॅग बघितली होती त्यांनी. मी जे ओरडले तेही ऐकलं होतं. दुखणं गेलं, आता खरा राग राहिला असेल तर?

८ फेब्रुवारी

आज लिहायचंच.

सकाळी वॉर्डात त्यांच्या पलंगाशेजारी बसून मी ग्रुपवर फोटो टाकत होते. आई नाहीत म्हणून बाबांनी बंदरावर मासळी निवडून तिचे फोटो पाठवले होते, 'आजची ताजी पापलेटं' असं लिहून टाकणारच होते. आई उशीवरून तिरक्या नजरेने फोनकडे बघत होत्या. मला वाटलं, उजेडाचा त्रास होतोय, म्हणून फोन फिरवला.

"दिप्ते!"

शेजारच्या पलंगावरची आजी दचकून उठली. दारातून सिस्टर धावत आली.

"ते पापलेटचे डोले बघ गो! खोल गेलेत! कालचा हाय त्यो! ताजा म्हनून इकतेस? माजे नावाला काला फासतेस? आन ह्यो म्हाताऱ्याना आनला ना? त्याला म्हावऱ्यातला काय कलतं? जालात आला तो सगला त्याला ताजाच! काढ तो फोटो आदी!"

मी फोटो काढून टाकला. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघत होता. आणि मग आई गप्प झाल्या, एकदम. त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी डोळे मिटले आणि वाट बघत राहिल्या. कळ येईल म्हणून. आम्ही सगळेच वाट बघत होतो.

काही आलं नाही.

त्यांनी माझा हात धरला, ओढला आणि उजव्या गालावर ठेवला. मी घाबरून मागे घेत होते तर त्यांनी वरून आपला हात दाबला. "चोल," म्हणाल्या. "हलद लावाची व्हती ना? जोरान चोल."

मी चोळत होते आणि रडत होते. सिस्टर म्हणाली, टाक्यांना धक्का लावू नका. आई तिलाही ओरडल्या.

२० फेब्रुवारी

घरी येऊन आठवडा झाला. बाजारात जायला अजून परवानगी नाही, म्हणून सगळा आवाज घरातच आहे. मासळी निवडताना मला बंदरावरून फोटो पाठवायला लावतात आणि फोनवर ओरडतात. काल बोटीवर माझा फोन स्पीकरवर नव्हता, तरी सगळ्यांनी ऐकलं. नॉनस्टिक तवा माळ्यावरून खाली आलाय, डोक्यातलं टेफ्लॉन चाललं म्हणून. त्यावर बोंबील कसे तळावेत हे मला परत पहिल्यापासून शिकवलं. कान किटले. दुपारी खरंच मनात आलं, बाई गं, जरा गप्प बसा.

तेवढ्यात चंद्रप्रकाशचा फोन आला. रूम अजून रिकामी आहे, काय ठरलं म्हणून विचारत होता. मी "अहो, ते आता…" म्हणेपर्यंत आईंनी विचारलं, "कोन हाय?"

खोटं कशाला बोलायचं? म्हटलं, "कांदिवलीची रूम. मी बघितली होती ती."

आईंनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो उजव्या कानाला लावला, उजव्या गालाला टेकवून, आणि पदर खोचला.

पुढचं मी लिहीत नाही. चंद्रप्रकाशने काही केलं नव्हतं बिचाऱ्याने. पण शेजारच्या दोघी येऊन ओटीवर बसल्या, बाबा जाळं खाली ठेवून ऐकायला लागले, आणि शेवटी फोन त्यानेच ठेवला.